चित्रात मंत्री गजाआड, प्रत्यक्षात कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राज्यशास्त्राच्या वर्गासमोर भ्रष्टाचार आणि व्यंगचित्रं या विषयावर तुम्हाला तासभर बोलायचं आहे. त्यासाठी अठराव्या शतकातली ब्रिटिश छापचित्रं चाळताना तुम्हाला मंत्री फासावर, बेड्यांत किंवा तुरुंगाच्या दारात उभे असे सारखे दिसले. मग त्या काळी भ्रष्ट मंत्री खरंच तुरुंगात जात होते का, आणि ही चित्रं पुरावा म्हणून मुलांपुढे ठेवावीत का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी बरीच वर्षं जुन्या छापचित्रांची सूची करण्याचं काम करते, म्हणजे चित्र हातात घेऊन ते कोणी, कधी, कोणासाठी छापलं ते नोंदवायचं. त्यामुळे तुमचे दोन प्रश्न मला वेगळे ठेवावेसे वाटतात. मंत्री तुरुंगात जायचे का? फार क्वचित, आणि गेले तरी थोडे दिवस. चित्रं पुरावा म्हणून चालतील का? चालतील, पण कशाचा पुरावा हे आधी पक्कं करावं लागेल. मंत्री गजाआड काढणारा चित्रकार घडलेली गोष्ट सांगत नसतो, घडायला हवी अशी गोष्ट मागत असतो. त्याच शतकात खरा तुरुंग ज्यांच्या वाट्याला आला ते लोक वेगळेच होते: कर्जात बुडालेली साधी माणसं, आणि मंत्र्यांविरुद्ध छापणारे प्रकाशक व पुस्तकविक्रेते. चोर सोडून संन्याशाला फाशी हा प्रकार तिथे नेमका कसा चालायचा, हे या चित्रांतून फार स्पष्ट दिसतं. म्हणून व्याख्यानाचा रोख तिकडे ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्ही १७२० ते १७४२ हा पंतप्रधान रॉबर्ट वॉल्पोलचा काळ घेणार, की १७८० नंतरचा व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचा, यावर बरंच ठरेल. वॉल्पोलच्या काळात चित्रांवर बहुधा चित्रकाराचं नाव नसतं आणि मजकुराची गर्दी असते. गिलरेच्या काळात नाव, तारीख, दुकानाचा पत्ता सगळं खाली कोरलेलं असतं. शिवाय तुमच्यासमोरची प्रत कोणती, हाही प्रश्न आहेच. त्याकडे पुढे येते.

आधी मंत्र्यांचा हिशेब मांडू. रॉबर्ट वॉल्पोल युद्धखात्याचा सचिव होता तेव्हा स्कॉटलंडमधल्या लष्करी घोड्यांच्या वैरणीच्या ठेक्यात पैसे खाल्ल्याचा ठपका संसदेने त्याच्यावर ठेवला आणि १७१२ च्या जानेवारीत त्याला टॉवर ऑफ लंडनमध्ये टाकलं. तिथे तो सहा महिने होता. बडी बडी मंडळी त्याला भेटायला जात, आणि बाहेर आला तो पक्षाचा हुतात्मा होऊनच. यानंतर नऊ वर्षांनी तोच माणूस देशाचा कारभारी झाला आणि १७४२ पर्यंत टिकला. साउथ सी कंपनीचा फुगा फुटल्यावर, म्हणजे तिचे फुगवलेले शेअर कोसळल्यावर, १७२१ साली अर्थमंत्री जॉन ऐसलाबी टॉवरमध्ये गेला. १७२५ साली लॉर्ड चान्सलर, म्हणजे न्यायखात्याचा प्रमुख, मॅकल्सफील्ड त्याच खात्यातली पदं विकल्याबद्दल महाभियोगात दोषी ठरला, त्याला ३०,००० पौंड दंड झाला आणि तो भरेपर्यंत त्याला टॉवरमध्ये राहावं लागलं, म्हणजे जेमतेम काही आठवडे. टॉवर म्हणजे अंधारकोठडी नव्हे हेही मुलांना सांगा. पैसेवाल्या राजकीय कैद्याला तिथे नोकरचाकर आणि पाहुणे दोन्ही मिळत.

म्हणजे उदाहरणं आहेत, पण ती बोटावर मोजण्याइतकी आणि शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतली. पुढे वॉल्पोलने यंत्रणा अशी बसवली की पकडण्यासारखं हाती काही लागू नये. साउथ सीच्या घोटाळ्यात कंपनीचा खजिनदार रॉबर्ट नाइट हिशेबाची गुपितं घेऊन परदेशी पळाला. ब्राबंटमध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागात, तो पकडला गेला, तरी त्याला परत आणण्याचा आग्रह दरबाराने धरला नाही, कारण तो बोलला असता तर राजाच्या मर्जीतली माणसं अडचणीत आली असती. १७२१ सालच्या एका चित्रात एक घडीचा पडदा उभा आहे आणि त्याच्या आडून राजाची मर्जीतली बाई नाइटच्या हाती कागद देते आहे. या बड्या मंडळींना वाचवणारा म्हणून तेव्हापासून हा पडदा वॉल्पोलला चिकटला तो कायमचा. पुढची वीस वर्षं एखाद्या चित्रात कोपऱ्यात असा पडदा दिसला की आतला गुन्हेगार झाकणारा कोण, हे ग्राहकाला सांगावं लागत नसे.

१७४० साली निघालेल्या एका प्रसिद्ध चित्रात सेंट जेम्स राजवाड्याच्या दरवाजावर एक अगडबंब माणूस पाय फाकून, पाठ वळवून उभा आहे. त्याचा पार्श्वभाग उघडा आहे आणि नोकरी, बढती, निवृत्तिवेतन हवं असलेला माणूस वर चढून त्याचं चुंबन घेतो आहे. चेहरा दिसत नाही, नावही नाही, पण लंडनमध्ये हा कोण हे पोराटोरांना कळत होतं. यात तुरुंग कुठेच नाही, आणि तरीही भ्रष्टाचार कसा चालायचा हे याच्याइतकं नेमकं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. रोख लाचेपेक्षा खरा व्यवहार पदांचा होता: जकातीतली जागा, लष्करातला हुद्दा, कामाविना पगार असलेली वतनं. दरवाजा एकच, आणि त्याखालून गेल्याशिवाय आत प्रवेश नाही.

१७४२ मध्ये वॉल्पोल पडला तेव्हा काय झालं ते वर्गात सांगाच. संसदेने गुप्त समिती नेमली. गुप्त निधीचे पैसे कुणाला वाटले हे विचारायला ट्रेझरीचा, म्हणजे सरकारी खजिन्याचा, वकील निकोलस पॅक्स्टन याला बोलावलं. त्याने उत्तर द्यायला नकार दिला आणि त्याची रवानगी न्यूगेट तुरुंगात झाली. वॉल्पोल तोवर ऑर्फर्डचा अर्ल होऊन उमरावांच्या सभागृहात जाऊन बसला होता. चित्रकारांनी कितीही दोर टांगले असले, तरी गजाआड गेला तो हाताखालचा माणूस.

आता खऱ्या तुरुंगाकडे येते. माझ्या मते तुमच्या व्याख्यानाचा गाभा इथेच आहे.

चित्रकार विल्यम होगार्थचं नाव तुम्ही घेतलं आहे. त्याचे वडील रिचर्ड लॅटिनचे मास्तर होते. लंडनमध्ये त्यांनी एक कॉफी हाउस काढलं, जिथे गिऱ्हाइकांनी लॅटिनमध्ये बोलायचं. धंदा बुडाला आणि कर्जापायी रिचर्ड फ्लीट तुरुंगात गेले. विल्यम तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता. १७१२ साली कर्जदारांना सोडवणारा कायदा झाला तेव्हा कुठे वडील सुटले. त्या काळच्या कायद्यात कर्जासाठी तुरुंग ही ठरावीक मुदतीची शिक्षा नव्हती. सावकाराचे पैसे फिटेपर्यंत माणूस आत. आणि आत राहायचं तर खोलीचं भाडं, बेड्या काढण्याची फी, आल्याची दक्षिणा, सुटतानाची फी, असं सगळं तुरुंगाच्या मुख्य अधिकाऱ्याला द्यायचं. कारण तो अधिकारी पगारी नोकर नव्हताच, त्याने ते पद विकत घेतलेलं असे. थॉमस बॅम्ब्रिजने १७२८ साली एका भागीदारासह फ्लीटची वॉर्डनगिरी जॉन हगिन्सकडून ५,००० पौंडांना घेतली. हगिन्सनेही ती आधी तेवढ्याच रकमेला घेतलेली होती. पद असं विकत घेतलं की पैसे वसूल करायचे कुठून? ज्यांच्याकडे काही नाही त्यांच्याकडून! म्हणजे राजकारणातला पदांचा बाजार आणि तुरुंगातला छळ या दोन वेगळ्या कथा नाहीत, एकाच व्यवहाराची ही दोन टोकं आहेत.

रॉबर्ट कॅसल नावाचा वास्तुशास्त्राचा अभ्यासक कर्जामुळे बॅम्ब्रिजच्या ताब्यात आला. त्याच्याकडे पैसे संपल्यावर त्याला अशा घरात हलवलं जिथे देवीची साथ होती, आणि तिथेच तो गेला. त्याचा मित्र जेम्स ओगलथोर्प खासदार होता. त्याने पाठपुरावा करून १७२९ साली तुरुंगांच्या चौकशीची संसदीय समिती स्थापन करवली आणि तोच तिचा अध्यक्ष झाला. कर्जदाराला बेड्या घालणं बेकायदा होतं, तरी जेकब मेंडिस सोलास नावाच्या पोर्तुगीज कैद्याला त्या घातल्याचं समितीला आढळलं. होगार्थने या चौकशीचं तैलचित्र रंगवलं, ते आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. त्याआधी केलेला कच्चा आराखडा केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. त्यात फाटक्या कपड्यातला कैदी बेड्यांसकट समितीसमोर गुडघे टेकून आहे आणि एका बाजूला उभ्या तुरुंगाधिकाऱ्याचा चेहरा भीतीने आक्रसलेला आहे. हा आराखडा पुढे वॉल्पोलच्याच मुलाच्या, होरेसच्या संग्रहात होता आणि त्या चेहऱ्याचं त्याने फार कौतुक केलं. बॅम्ब्रिजवर खुनाचा खटला झाला, तो सुटला. पुन्हा वॉर्डन होता येणार नाही एवढा कायदा मात्र त्याच्याविरुद्ध झाला.

एवढी पार्श्वभूमी दिल्यावर मुलांना होगार्थच्या 'उधळ्याची वाटचाल' या १७३५ च्या मालिकेतलं सातवं चित्र दाखवा. वारसाहक्काने मिळालेली दौलत उडवलेला टॉम रेकवेल फ्लीटमध्ये बसला आहे. एका बाजूला तुरुंगाचा माणूस हिशेबाची वही उघडून आल्याची दक्षिणा मागतो आहे, बिअर आणलेला पोऱ्या पैशांशिवाय हटत नाही, बायको ओरडते आहे, आणि त्याने ज्या सारा यंगला फसवलं ती बेशुद्ध पडली आहे. टेबलावर नाटक कंपनीच्या मालकाची चिठ्ठी आहे, तुमचं नाटक चालणार नाही म्हणून. मागे एक कैदी भट्टीवर सोनं बनवण्याच्या नादात आहे. पलंगाच्या छतावर कुणीतरी उडण्यासाठी बनवलेले पंख ठेवले आहेत. आणि साराला सावरणाऱ्या दाढीवाल्या कैद्याच्या अंगावरून एक कागद घरंगळतो आहे. चित्र मोठं करून तो कागद वाचा: देशाचं कर्ज फेडण्याची नवी योजना, लेखक सध्या फ्लीटमधला कैदी.

इथे जरा वेळ थांबा, कारण या एका कागदात सगळं राजकारण आहे. देशावरचं कर्ज लाखो पौंडांनी वाढवणारे लोक संसदेत बसले आहेत आणि थोडक्या पौंडांसाठी अडकलेला माणूस ते फेडण्याचा मार्ग शोधतो आहे. हा कागद ज्याने कोरला त्याने फ्लीटमधली अशी माणसं लहानपणी डोळ्यांनी पाहिली होती. म्हणून हे चित्र तुरुंगाचा पुरावा म्हणून मी बिनदिक्कत वापरेन. टॉम काल्पनिक आहे, पण वही घेऊन उभा असलेला तो माणूस काल्पनिक नाही.

आता पन्नास वर्षं पुढे जाऊन जेम्स गिलरेचं २१ एप्रिल १७८६ या तारखेचं चित्र घ्या. शीर्षकाचा अर्थ 'राष्ट्रीय कर्ज फेडण्याची नवी रीत'. त्या सुमारास पंतप्रधान पिटने राष्ट्रीय कर्ज फेडण्यासाठी स्वतंत्र निधीची योजना आणली होती आणि राजाच्या खासगी खर्चाची देणीही संसदेकडून भागवली जात होती. चित्रात तिसरा जॉर्ज आणि राणी ट्रेझरीच्या दारातून बाहेर पडत आहेत. दोघांचे खिसे नाण्यांनी ओसंडत आहेत आणि तरीही पिट आणखी एक थैली राजाच्या हाती देतो आहे. एका बाजूला फाटक्या कपड्यांतला युवराज, आणि त्याच्यापुढे पैसे धरणारा फ्रान्सचा सरदार. दुसऱ्या बाजूला हातपाय गमावलेला खलाशी जमिनीवर बसला आहे, पुढ्यातली टोपी रिकामी आहे.

बहुतेक लोक एवढं पाहून पुढे जातात. मी तुम्हाला भिंतीकडे बघायला सांगेन. ट्रेझरीच्या भिंतीवर काही भित्तिपत्रकं डकवलेली आहेत, त्यातल्या एकावर वधस्तंभाचं चित्र आहे आणि मजकूर असा: कोंबड्यांचं खुराडं लुटल्याबद्दल फाशी दिलेल्या चोपन्न गुन्हेगारांचं अखेरचं भाषण. फाशी जाणाऱ्यांची अशी अखेरची भाषणं त्या काळी खरोखर छापून रस्त्यावर विकली जात. शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या कायद्यात देहदंडाचे गुन्हे दोनशेच्या आसपास होते आणि त्यांत किरकोळ चोऱ्यांचा मोठा भरणा होता. गिलरेने राजाला किंवा पिटला तुरुंगात बसवलं नाही. खजिन्याच्या दारात त्यांना मोकळं उभं केलं आणि फाशी मागच्या भिंतीवर ठेवली. कोण सुटतं आणि कोण लटकतं, हे एकाच चौकटीत. तुमच्या व्याख्यानाला एकच चित्र निवडायचं असेल तर मी हे निवडेन.

आपल्या इतिहासाशी थेट जोडलेलं प्रकरण हवं असेल तर वॉरन हेस्टिंग्ज आहेच. राघोबादादा, पुरंदरचा तह, वडगाव, १७८२ चा सालबाईचा तह हे सगळं ज्याच्या गव्हर्नर जनरलपदाच्या काळात घडलं, तो हा माणूस. या लढायांना लागणारा पैसा काढण्यासाठी त्याने बनारसच्या चेतसिंहावर आणि अवधच्या बेगमांवर जी जबरदस्ती केली, तीच पुढे महाभियोगातली मोठी कलमं झाली. पण लंडनच्या चित्रांत मराठे शोधू नका, तिथे हिंदुस्तान म्हणजे उंट, रुपयांच्या थैल्या आणि फेटे एवढंच असतं. गिलरेचीच दोन चित्रं शेजारी ठेवा. मे १७८६ मध्ये त्याने हेस्टिंग्जला उंटावर बसलेला, शांत, हिंदुस्तानचा तारणहार दाखवला, आणि त्याच्यावर महाभियोग आणू पाहणारे खासदार, बंदूक रोखणारा बर्क व खंजीर उपसलेला फॉक्स, हे दरोडेखोर. मार्च १७८८ मध्ये त्याच गिलरेने तोच हेस्टिंग्ज लॉर्ड चान्सलर थर्लोच्या खांद्यावर बसून रक्ताच्या समुद्रातून पार होताना काढला. भोवती हिंदी माणसांची प्रेतं तरंगत आहेत आणि त्याच्या कवेत पैशांच्या थैल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात लंडनच्या स्मिथफील्ड गुरांच्या बाजारात उमराव जनावरांसारखे विकायला उभे असलेलं चित्र आलं, खाली वॉल्पोलच्या नावावर खपणारं वाक्य: प्रत्येक माणसाची किंमत असते.

प्रत्यक्षात काय झालं? १७८७ मध्ये हेस्टिंग्जला ताब्यात घेतल्यासारखं करून २०,००० पौंडांच्या स्वतःच्या जामिनावर आणि प्रत्येकी १०,००० च्या दोन जामीनदारांवर लगेच सोडलं. खटला १७८८ ते १७९५ चालला, तो निर्दोष सुटला. वकिलांवर त्याचे सत्तर हजार पौंडांच्या आसपास गेले आणि कंपनीने त्याला वर्षाला ४,००० पौंड बांधून दिले. तुरुंगाची एक रात्रही नाही. चेतसिंहाच्या रयतेचं काय झालं याचं चित्र कोणी काढलं नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. विद्यार्थ्यांना ही उणीव दाखवून द्या.

दोन वर्षांत एकाच हाताने दोन उलटी चित्रं का काढली, याचं उत्तर पैशात आहे. ही चित्रं दुकानदार काढून घेत. चित्रकाराला मतं नव्हती असं नाही, पण भाड्याला लागणारा खप आधी. साधं चित्र सहा पेन्स, हाताने रंगवलेलं शिलिंग-दोन शिलिंग, म्हणजे मजुराच्या दिवसभराच्या कमाईच्या आसपास. त्यामुळे विकत घेणारा वर्ग वरचा, आणि रस्त्यावरचा माणूस दुकानाच्या काचेतून फुकट बघणारा. त्यात राजकीय पक्षांचा पैसाही होता. जेम्स सेयर्सने १७८३ मध्ये फॉक्सला हत्तीवर बसून ईस्ट इंडिया कंपनीच्या दारात विजयी शिरणारा बादशहा दाखवलं, आणि पिट सत्तेवर आल्यावर सेयर्सला एक्स्चेकर न्यायालयातलं एक पद मिळालं. खुद्द गिलरेला १७९६ च्या जानेवारीत एका चित्राबद्दल धर्मनिंदेच्या आरोपाखाली अटक झाली होती. खटला पुढे गेला नाही, आणि १७९७ पासून त्याला सरकारकडून वर्षाला २०० पौंड मिळू लागले. खासदार फ्रान्सिस बर्डेट कोल्डबाथ फील्ड्स तुरुंगातल्या, खटल्याविना डांबलेल्या कैद्यांची विचारपूस करायला गेला, तेव्हा १७९९ मध्ये गिलरेने चेष्टा बर्डेटचीच केली. असं चित्र तुरुंगाच्या स्थितीचा पुरावा म्हणून ठेवाल तर फसाल. सरकारला त्या तुरुंगाबद्दल काय बोललं जायला हवं होतं, याचा मात्र तो चांगला पुरावा आहे.

आता प्रकाशक आणि विक्रेते. १६९५ नंतर इंग्लंडमध्ये छापण्यापूर्वी परवानगी लागत नव्हती. छापल्यावर मात्र राजद्रोही मजकुराचा खटला होऊ शकत होता. चित्रांवर असे खटले फारसे झाले नाहीत. सरकारी वकिलाला भर कोर्टात उभं राहून उघड्या पार्श्वभागाचा तो माणूस आमचे मंत्रिमहोदयच, असं सिद्ध करावं लागलं असतं! शब्दांचं तसं नव्हतं. १७६३ मध्ये खासदार जॉन विल्क्सने आपल्या साप्ताहिकाच्या ४५ व्या अंकात राजाच्या भाषणावर टीका केली, तेव्हा नाव नसलेलं सर्वसाधारण वॉरंट काढून जवळपास पन्नास जणांना पकडलं. त्यात छापखान्यातले कामगारही होते. विल्क्स आठवड्याभरात टॉवरमधून सुटला आणि कामगारांनी दावे लावून भरपाई मिळवली. होगार्थ मात्र तेव्हा सरकारच्या बाजूने होता. त्याने कोर्टात बसून विल्क्सचं रेखाटन केलं आणि १६ मे रोजी त्याचं तिरळं, धूर्त हसणारं चित्र बाजारात आणलं. विल्क्सच्या चाहत्यांनी तेच चित्र विकत घेऊन घरात लावलं.

१७९३ साली ब्रिटनचा सूर बदललेला होता. फ्रान्समध्ये राजाचं डोकं उडालं होतं. राजेशाहीविरुद्ध लिहिणाऱ्या टॉमस पेनचं लिखाण विकल्याबद्दल विल्यम हॉलंड या छापचित्रांच्या दुकानदाराला न्यूगेटमध्ये एक वर्ष काढावं लागलं. तुम्ही वर पाहिलेलं खजिन्याच्या दाराचं चित्र विकणारा हाच हॉलंड. त्याच्याकडे काम करणारा रिचर्ड न्यूटन तेव्हा सोळा वर्षांचा होता. मालक आत असताना त्याने काढलेलं न्यूगेटमधल्या फेरफटक्याचं चित्र ५ ऑक्टोबर १७९३ रोजी प्रसिद्ध झालं. पैसे भरून जरा बऱ्या खोल्या मिळणाऱ्या भागातले राजकीय कैदी, त्यांना भेटायला आलेले मित्र, हॉलंड, रिजवे आणि सायमंड्स हे पुस्तकविक्रेते, दाढीवाला लॉर्ड जॉर्ज गॉर्डन, सगळे नीटनेटक्या कपड्यांत गप्पा मारत उभे आहेत. कोणाचं नाक लांबवलेलं नाही, कोणी राक्षस नाही. ज्या गॉर्डनच्या नावाने १७८० मध्ये दंगल उसळून न्यूगेट जाळलं गेलं, तोच तिथे लेखी मानहानीच्या शिक्षेवर होता आणि या चित्रानंतर महिन्याभरात तिथेच वारला. व्यंगचित्रकाराने व्यंग बाजूला ठेवून काढलेलं हे चित्र आहे, कारण हा तुरुंग त्याला रोज दिसत होता.

पुरावा म्हणून वापरण्याआधी काय तपासायचं, हेही सांगते. चित्राखालची बारीक ओळ आधी वाचा. १७३५ मध्ये होगार्थच्या पुढाकाराने झालेल्या कायद्याने चित्रकाराला चौदा वर्षांचा हक्क मिळाला, आणि त्यासाठी छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावर प्रसिद्धीची तारीख कोरावी लागे. होगार्थने आपली मालिका मुद्दाम कायदा लागू होण्याच्या दिवसापर्यंत, २५ जूनपर्यंत, रोखून धरली होती. ही ओळ असल्यामुळे घटना आणि चित्र यांच्यात किती दिवस गेले ते कळतं. पण तारीख पत्र्याची असते, कागदाची नाही. त्याच मालिकेच्या शेवटच्या, वेड्यांच्या इस्पितळाच्या चित्रात होगार्थने १७६३ साली भिंतीवर ब्रिटानियाचं, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या देवीचं, मोठं नाणं नव्याने कोरलं, म्हणजे सगळा देशच वेडा झाला असं. १७३५ चं चित्र म्हणून हे नाणं दाखवलं तर अठ्ठावीस वर्षांची चूक होते. गिलरेचे पत्रे तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पुन्हा छापले गेले, बहुधा बिनरंगी आणि कागदाच्या दोन्ही बाजूंना. मूळ प्रतीला रंग असतील तर ते हाताने भरलेले, आणि दोन प्रतींत राजाच्या कोटाचा रंग वेगळा असू शकतो. त्यामुळे रंगावरून कुठलाही निष्कर्ष काढू नका. १७९४ नंतरच्या इंग्लिश कागदात पुष्कळदा वर्षाचा जलचिन्हांकित आकडा सापडतो, तो उजेडात धरल्यावर दिसतो. पण तुमचं काम पडद्यावरच्या प्रतिमांवर आहे, तेव्हा संग्रहालयाच्या नोंदीत प्रतीची अवस्था काय दिली आहे ते पाहणं पुरेसं आहे.

तासाची आखणी मी अशी करेन. सुरुवात १७४० च्या त्या दरवाजाच्या चित्राने, पदांचा बाजार समजावा म्हणून. मग होगार्थचं फ्लीट, सावकाश, तो कागद वाचेपर्यंत. मग गिलरेची भिंत. वेळ उरला तर हेस्टिंग्जची दोन चित्रं शेजारी ठेवून मुलांना विचारा की दोन्ही एकाच माणसाने का काढली असतील. ते स्वतःच पैशापर्यंत पोहोचतात असा माझा अनुभव आहे. शेवटी न्यूटनचं न्यूगेट, फार न बोलता, फक्त कोण कोण उभं आहे आणि कशासाठी आत आहे ते सांगून. फासावरचे मंत्री दाखवायचेच असतील तर मध्येच एखादं दाखवा, पण प्रत्यक्षात तो माणूस त्या वर्षी कुठल्या पदावर होता ते त्याच वेळी फळ्यावर लिहा.

चित्रं ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर फुकट आणि मोठ्या आकारात आहेत. त्यांच्या व्यंगचित्रसंग्रहाची छापील सूची १८७० पासून १९५४ पर्यंत खंडाखंडाने निघाली, आणि त्यातला क्रमांक प्रत्येक नोंदीत दिलेला असतो. तो टिपून ठेवा, कारण एकाच शीर्षकाच्या नकला पुष्कळ आहेत आणि क्रमांकाशिवाय दोन माणसं वेगळ्याच चित्रांबद्दल बोलत बसतात. नोंदीतलं वर्णन बहुतेक वेळा फार तपशीलवार असतं, भिंतीवरच्या कागदांचा मजकूरसुद्धा दिलेला असतो. आधी चित्र स्वतः पाहा, काय दिसतं ते लिहून काढा, आणि मगच ते वर्णन उघडा. फ्लीटच्या चित्रातला तो कागद कुठे आहे हे सापडलं नाही तर इथेच विचारा, मी जागा दाखवून देईन.